दुखावलेले मन आणि उगारलेला हात

इंदूर शहराच्या दक्षिण भागात, आग्रा-मुंबई मार्गाला खंडव्याकडे जाणारा रस्ता जेथे मिळतो, तेथे भंवरकुआं नावाचा चौक आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर तेथून जवळच आहे. माळवा-निमाडच्या खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले या भागात भाड्याच्या खोल्यांतून राहतात, शिकवणी-वर्गांना जातात आणि स्पर्धा-परीक्षांच्या निकालांकडे डोळे लावून बसतात. त्यांतील थोडी यशस्वी होतात, पुष्कळशी होत नाहीत. संध्याकाळी या गर्दीतून वाट काढताना इतिहास शिकविणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न डोकावल्यावाचून राहत नाही. अपयशाचे आणि एकटेपणाचे हे जे ओझे तरुण मने वाहत असतात, ते उतरवून घ्यायला त्यांच्यापाशी प्रथम कोण पोहोचतो?

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी 1918 साली व पुन्हा 1935 साली महात्मा गांधी याच इंदुरात आले होते. 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीस त्यांचा वध करणारा हात मराठी होता आणि कटातील बहुतेक माणसेही मराठीच होती. या घटनेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनाचा रोख बहुधा मतांवर असतो. ती मते ज्या मनांत रुजली, त्या मनांचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. तसे करताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. कृत्याचे मूळ शोधणे म्हणजे कृत्याचे समर्थन करणे नव्हे.

मतांनी सर्व उलगडा होत नाही, याचे कारण उघड आहे. फाळणीबद्दल संताप असलेली, गांधीजींवर मुसलमानांच्या अनुनयाचा आरोप करणारी माणसे त्या काळी महाराष्ट्रात हजारोंनी होती. त्यांनी लेख लिहिले, सभा गाजविल्या आणि ती घरी गेली. पिस्तूल उचलले ते मूठभरांनी. पाकिस्तानास द्यावयाच्या पंचावन्न कोटी रुपयांचे कारण आजही सांगितले जाते. परंतु ती रक्कम देण्याचा निर्णय जाहीर झाला तो 15 जानेवारी 1948 रोजी. आणि नथुराम गोडसे याने आपल्या आयुर्विम्याच्या रकमा आपटे व गोपाळ गोडसे यांच्या पत्नींच्या नावे करून दिल्या होत्या त्या त्यापूर्वीच, 13 व 14 तारखांना. मरणाची सिद्धता आधी झालेली होती. तेव्हा त्या निर्णयाला या कृत्याचे मूळ म्हणता येत नाही.

नथुरामचा जन्म 19 मे 1910 रोजी बारामतीस झाला. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. आधीचे तीन मुलगे तान्हेपणीच गेलेले. घराण्यावर मुलग्यांपुरता काही कोप आहे अशा समजुतीने आईबापांनी या मुलाला मुलीसारखे वाढविले, नाक टोचून त्यात नथ घातली आणि रामचंद्राचा नथुराम झाला. लहानपणी तो कुलदेवतेपुढे बसून अंगात आल्याप्रमाणे बोलत असे व घरची माणसे त्याला प्रश्न विचारीत, अशी आठवण त्याचे बंधू गोपाळ यांनी सांगितली आहे. ही भावाने मागाहून सांगितलेली हकीकत आहे, हे ध्यानात ठेवूनच तिचा उपयोग केला पाहिजे. तथापि ज्या मुलाच्या मुखातून देवता बोलते असे घर मानीत होते, तोच मुलगा पुढे मॅट्रिकला नापास झाला आणि सांगलीस शिवणकाम करून पोट भरू लागला. ही उंची आणि हा उतार यांमधील अंतर नजरेआड करता येत नाही. वडिलांची बदली रत्नागिरीस झाली तेव्हा तेथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांशी त्याचा परिचय झाला. पुढे तो संघात व हिंदु महासभेत वावरला आणि हैदराबाद संस्थानातील निःशस्त्र प्रतिकारात तुरुंगातही जाऊन आला. त्याला पुन्हा एकवार मुख लाभले. 1944 साली पुण्यात निघालेल्या ‘अग्रणी’ पत्राचा तो संपादक झाला.

इतरांच्या कथा निराळ्या आहेत. नारायण आपटे हा विज्ञानाचा पदवीधर. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) मिशनच्या शाळेत तो शिक्षक होता. विष्णू करकरे हा अनाथाश्रमात वाढलेला. हालअपेष्टांतून वर येऊन त्याने नगरला खानावळ चालविली आणि 1946 च्या दंग्यानंतर नौखालीत जाऊन तेथील हिंदूंची दैना डोळ्यांनी पाहिली. मदनलाल पाहवा हा पंजाबातील पाकपट्टणचा. फाळणीत घरदार गमावून तो मुंबईकडे आला आणि नगरच्या निर्वासितांमध्ये वावरताना करकऱ्याच्या हाती लागला. एकाला आईबाप नव्हते, एकाला गाव उरले नव्हते, एकाला परीक्षेने नाकारले होते. आपट्याविषयी तर असे कोणतेही दुःख ठळकपणे दाखविता येत नाही. साहसाची ओढ व मैत्रीची बांधिलकी हीच त्याची मुळे दिसतात.

यावरून निघणारा निष्कर्ष फार सावधपणे मांडला पाहिजे. दुःखामुळे माणूस खुनी होतो, असे म्हणणे हा दुःखितांवर अन्याय ठरेल. मॅट्रिक नापास झालेले, पोरके झालेले, निर्वासित झालेले लक्षावधी लोक आपले आयुष्य निमूटपणे व सचोटीने जगले. घातक ठरते ती दुःखाची अदलाबदल. स्वतःचे दुःख सांगायला माणसाला लाज वाटते. धर्माचा अपमान मात्र तो चारचौघांत ताठ मानेने सांगू शकतो. म्हणून तो आपले लहान दुःख देऊन समूहाचे मोठे दुःख घेतो. मग मित्रमंडळ त्याला आधार देते, वृत्तपत्र भाषा पुरविते आणि हौतात्म्याची कल्पना शेवट सुचविते. नथुरामने न्यायालयात 8 नोव्हेंबर 1948 रोजी केलेले दीर्घ निवेदन पाहावे. त्यात राष्ट्र आहे, इतिहास आहे, धर्म आहे. स्वतःच्या खाजगी आयुष्याला फारच थोडी जागा आहे. जे मूळ होते ते फांद्यांखाली झाकून गेले होते, बहुधा त्याच्या स्वतःच्या दृष्टीसही.

याच काळात याच महाराष्ट्रात एक दुसरे दुखावलेले मन होते. पालगडचे साने गुरुजी दारिद्र्यात वाढले. शिक्षणासाठी दूर असताना त्यांची आई गेली आणि ती जखम जन्मभर भरली नाही. परंतु अमळनेरच्या शाळेत मुलांची सेवाशुश्रूषा करणारा हा शिक्षक आपल्या दुःखातून परक्याच्या दुःखाकडे गेला. 1947 साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि गांधीवधानंतर एकवीस दिवसांचे उपोषण करून ते पाप आपलेच मानले. हे मन सुखी नव्हते. 1950 साली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. म्हणून त्यांचे उदाहरण सोपा धडा म्हणून देता येत नाही. एवढेच म्हणता येते, की त्यांच्या वेदनेला शत्रूची गरज भासली नाही.

शिक्षकवर्गाने विशेष स्मरणात ठेवावा असा या प्रकरणातील एक प्रसंग आहे. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी निर्वासित मदनलालला आपली पुस्तके विकण्याचे काम देऊन आधार दिला होता. जानेवारी 1948 मध्ये मदनलालने कटाची गोष्ट त्यांच्यापाशीच बोलून दाखविली. प्राध्यापकांनी त्याला परोपरीने समजाविले. परंतु निर्वासिताची ती बडबड असावी असेही त्यांना वाटत राहिले. 20 जानेवारीस बिर्ला भवनात स्फोट होऊन मदनलाल पकडला गेला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सर्व सांगितले. तरीही दहा दिवसांनी व्हायचे ते झालेच. सरकारी यंत्रणेचे दोष पुढे कपूर आयोगाने 1969 च्या अहवालात तपशिलाने नोंदविले. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की कटातील एका तरुणाने आपले मन मोकळे केले ते एका शिक्षकापाशी.

वधानंतर काय घडले हेही विसरता कामा नये. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा कटाशी सुतराम संबंध नव्हता अशी कुटुंबे देशोधडीस लागली. एकाच्या अपराधाचे माप साऱ्या जातीच्या पदरी घालणारी ही वृत्ती आणि एका धर्माच्या साऱ्या माणसांना शत्रू मानणारी वृत्ती, या दोघी सख्ख्या बहिणी होत. गांधीजींना हे ठाऊक होते. 1926 साली अब्दुल रशीदने स्वामी श्रद्धानंदांचा खून केला, तेव्हा खरे अपराधी द्वेष पेटविणारे आहेत, असे त्यांनी म्हटले होते. स्वतःवर हल्ला झाल्यावर मदनलालविषयीही त्यांनी तिरस्कार बाळगू दिला नाही. धर्म बदलला म्हणून त्यांचे निदान बदलले नाही.

भंवरकुआंच्या चौकातील मुलांकडे संशयाने पाहण्याचे काहीच कारण नाही. तसे पाहणे हाच एक अपमान होईल. परंतु एखाद्या मुलाचा निकाल लागतो, तो खोलीचे दार लावून घेतो आणि घरी पत्ता लागू देत नाही. त्या वेळी त्याचे दुःख अजून त्याचे स्वतःचेच असते, त्याला कोणाचा झेंडा लागलेला नसतो. ते दार ठोठावण्याचे काम शिक्षकाचे आहे. तो गेला नाही तर दुसरा कोणी जातो, आणि त्याच्यापाशी शत्रूचे नाव तयार असते.