माशा मारायच्या पंख्यापासून बांबूच्या जुडीपर्यंत: हळू वाजवण्याची गोष्ट

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. आजचा विषयच तो आहे.

मी गोंदियाचा. ड्रम वाजवतो. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीत राहत होतो. रोज संध्याकाळी दार लावायचं, लाकडी स्टिक घ्यायच्या आणि सुरू. एक दिवस शेजारचे काकाजी दारात आले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते हळूच म्हणाले, "बाबू, मी तुले मना नाही करत. पण आमची बुढी आताच दवाखान्यातून आली. तिले झोप लागत नाही."

खरं सांगतो, भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, याला काय देणार?

कायदा तर त्यांच्याच बाजूने होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. त्यात रहिवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45. आपल्याला वाटतं, हे सगळं डीजे आणि भोंग्यांसाठी आहे. पण 18 जुलै 2005च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेसाठी ढोल-नगाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख केला. आता ड्रम सेटचं बघा. जोरात वाजवला तर वाजवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबलच्या वर सहज जातो. दर 10 डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे संध्याकाळी सातलासुद्धा मी मर्यादेच्या कितीतरी पुढे होतो.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. ड्रमवर टॉवेल टाकले. आवाज कमी झाला, पण वाजवण्यातला जीवच गेला. गादी झोडपल्यासारखं वाटायचं. आठवडाभरात मी वाजवणं सोडलं.

त्या रिकाम्या दिवसांत एक प्रश्न डोक्यात आला. हा त्रास मलाच पहिल्यांदा झाला का? आधीच्या लोकांनी काय केलं? शोधायला लागलो आणि इथून गोष्ट रंगत गेली.

1912च्या सुमाराला अमेरिकेत लुई ॲलिस आणि ॲडॉल्फ वीन्स या दोघांनी माशा मारायच्या साधनाचं पेटंट घेतलं. एक मूठ, तिच्यातून पंख्यासारख्या पसरणाऱ्या बारीक तारा, आणि काम झालं की तारा परत मुठीत. वादकांनी ते उचललं आणि थेट ड्रमवर फिरवलं! तोच आजचा वायर ब्रश. 1920च्या दशकात जॅझवाल्यांच्या हातात तो दिसू लागला. त्या काळी गायकासमोर आजच्यासारखे माईक आणि स्पीकर नव्हते. लाकडी स्टिकने वाजवलं की गाणं बुडायचं, ब्रशने वाजवलं की ऐकू यायचं.

पण खरी गंमत पुढे आहे. स्टिकचा ठोका पडला की संपला. ब्रश मात्र ड्रमवर गोल घासता येतो आणि आवाज लांबत जातो. सतार आणि सनईत जसा फरक, तसा. म्हणजे वादक ब्रशकडे आले आवाज कमी करायला, आणि हाती लागलं स्टिकने कधीच न येणारं काहीतरी.

दुसरी गोष्ट 18 नोव्हेंबर 1993ची, न्यूयॉर्कची. निर्वाणा बँडचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम. त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल म्हणजे ड्रम फोडायला आलेला माणूस! छोट्या स्टुडिओत तो सगळ्यांना बुडवणार, ही भीती होती. निर्माता ॲलेक्स कोलेटीने त्याला नाताळची आगाऊ भेट म्हणून एक पुडकं दिलं. आत ब्रश आणि बारीक काड्यांच्या जुड्या. त्याने त्या वापरल्या, आणि तो कार्यक्रम आजही लोक ऐकतात. तुमच्याही प्लेलिस्टमध्ये असेल.

या जुड्यांना बाजारात रॉड्स म्हणतात. बऱ्याच बारीक लाकडी काड्या एकत्र बांधलेल्या. ठोका पडला की काड्या एकमेकींवर घसरतात, जोर वाटला जातो. आवाज स्टिक आणि ब्रशच्या मधोमध.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. ढोल आठवा. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. ताशावर बारीक काड्या, ढोलकीवर नुसती बोटं. कशाने वाजवायचं हे वाद्याइतकंच महत्त्वाचं, हे आपल्या वादकांना केव्हाच कळलं होतं.

मग मला सुचलं. रॉड्स विकत कशाला आणायच्या? आपल्या जिल्ह्यात बांबूला काय तोटा! सूप-टोपल्या विणणाऱ्या एका बुरड काकांकडून बारीक गोल काड्या तासून घेतल्या. पंधरा-सोळा काड्यांची जुडी, मुठीशी चिकटपट्टी, मधे एक रबर. रबर टोकाकडे सरकवला की ठोका टणक, मुठीकडे सरकवला की मऊ. पहिली जोडी तीन दिवसांत मोडली, कारण मी झांजेच्या कडेवर आपटत होतो. चूक माझी. नंतर ब्रशही घेतले, आणि एक धडा मिळाला. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ब्रश घासला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पांढरा खरखरीत मुलामा असलेलं पान लागतं.

काही दिवसांनी काकाजी भेटले. मी घाबरत विचारलं, "आजीला त्रास होते का?" ते म्हणाले, "नाही बा. बुढी म्हणते, कोणीतरी सुपात तांदूळ पाखडून राहिलं."

धानाच्या जिल्ह्यात ब्रशला याहून चांगली दाद कोणती!

पण लगेच हुरळून जाऊ नका. दिवाळीनंतर एका गावच्या मंडईत वाजवायला गेलो. जोशात बांबूच्या जुड्याच नेल्या. उघडं मैदान, गर्दी, समोर पाळणे. माझा ठोका तिसऱ्या रांगेच्या पुढे गेला नाही. गायकाने वळून असं बघितलं की आजही आठवतं! आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड का वाजतो, ते मला त्या रात्री कळलं. रबराच्या पॅडवर स्टिक मारा, स्टिकचा आवाज थोडासाच, बाकीचं सगळं मिक्सरच्या बटणावर. रोलंडने पहिला ऑक्टोपॅड 1985 साली आणला. हळू वाजवण्याचा तोही एक मार्गच, फक्त आवाज आधी कमी करून मग हवा तेवढा वाढवायचा.

तर सारांश काय? हळू वाजवणं म्हणजे कमी वाजवणं नाही. वस्तीत खोली असेल तर ब्रश. गिटार किंवा पेटीची साथ असेल तर जुडी. मैदान असेल तर लाकडी स्टिक, नाहीतर पॅड. आधी विचारायचं, ऐकणारं कोण आहे? आणि ज्याला ऐकायचं नाही, पण ऐकावं लागतंय, असं कोण आहे?

मी आता दुसरीकडे राहतो. शेजारी कोणी आजारी नाही. तरी संध्याकाळी हात आधी ब्रशकडेच जातो.

तुमच्या घरी कोणतं वाद्य कोणामुळे बंद पडलं? आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. तोवर, जय झाडीपट्टी!