पेर्लाची फिल्म

वेड्यांचे इस्पितळ बांधायला 60 लाख मार्क लागतात. एका घराला 15 हजार लागत असतील, तर तेवढ्या पैशांत किती घरे होतील? उत्तर 400. हे उदाहरण नाझी काळातल्या जर्मन शाळेच्या गणिताच्या पुस्तकातले. उदाहरणे मुलांच्या जगण्यातली घ्यावीत, असे बी.एड.ला आम्हालाही शिकवले होते. त्या पुस्तककर्त्याने तेच केले.

1933 च्या कायद्याने सुमारे 4 लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. त्यात बहिरे, आंधळे, फेफरे येणारे होते. 1937 मध्ये त्यांना देशावरचे ओझे ठरवणारा सरकारी चित्रपट थिएटरांतून दाखवला गेला. मग बर्लिनच्या टिअरगार्टनश्ट्रासे 4 या पत्त्यावरून हत्येचा कारभार सुरू झाला. सहा केंद्रांत ऑगस्ट 1941 पर्यंत 70 हजारांवर माणसे विषारी वायूने मारली. घरच्यांना आजाराची खोटी कारणे कळवली. बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनात जाहीर निषेध केला. त्याच महिन्यात मोहीम थांबल्याचा हुकूम निघाला, पण उपासमारीने आणि औषधांनी मारणे चालूच राहिले. वर्गात हिटलर शिकवताना मी साठ लाख ज्यूंचा आकडा सांगत असे. ही माणसे माझ्याही तोंडून राहून जात.

'लीबे पेर्ला', म्हणजे 'प्रिय पेर्ला', हा शाहार रोझेन यांचा 1999 चा माहितीपट. पेर्ला ओविट्झ ही ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यू कुटुंबातली. दहा भावंडांपैकी सात बुटकी. त्यांची गाण्याबजावण्याची मंडळी गावोगाव कार्यक्रम करी. 1944 मध्ये ती आउश्वित्झला पोहोचली. मेंगेलेने त्यांना प्रयोगांसाठी जिवंत ठेवले आणि एसएस अधिकाऱ्यांपुढे विवस्त्र उभे केले. त्यांच्यावर काढलेल्या फिल्मचा शोध माहितीपटात हानेलोरे विटकोव्स्की घेते. ती जर्मन, आणि स्वतःही बुटकी. एकीची भाषा मारणाऱ्यांची, दुसरी त्यांच्या तावडीतून सुटलेली. पण दोघींची उंची एकच, आणि मैत्री तिथून जुळते.

फिल्म सापडत नाही. मला तर बरेच वाटले. या माणसांची कितीतरी चित्रे मारणाऱ्यांच्याच कॅमेऱ्याने टिपली आहेत. माहितीपटवाल्यांना ती वापरण्याचा मोह होतो, आणि अपंग माणूस पुन्हा एकदा तमाशाला उभा राहतो. रोझेनच्या कॅमेऱ्यासमोर पेर्ला बोलते, तेव्हा ती कुणाचा नमुना नसते.

बर्लिनच्या त्या पत्त्यावर 2014 मध्ये स्मारक झाले. पेर्ला 2001 मध्येच हैफात वारली. फिल्म सापडली असती, तर ती पुराव्यासाठी जपायची की तिच्या हवाली करायची? मी म्हणतो, तिच्या हवाली. ठेवायची की जाळायची, हे तिने ठरवावे.