कंपनी पक्षाला देणगी देते तेव्हा कराचं काय होतं?

१४ मार्च २०२४ ला निवडणूक आयोगाने निवडणूक रोख्यांची यादी वेबसाइटवर टाकली आणि काही तासांत तिचे स्क्रीनशॉट सगळीकडे फिरू लागले. लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग ही सर्वात मोठी खरेदीदार निघाली, १,३६८ कोटी रुपयांची. कोणत्या पक्षाला किती यावर भांडणं झाली. एप्रिल २०१९ नंतरच्या हिशेबात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला १,६०९ कोटी आणि काँग्रेसला १,४२१ कोटी मिळाले होते.

त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. तोट्यातल्या कंपन्यांकडे पक्षाला द्यायला पैसा आला कुठून? 'द हिंदू'ने केलेल्या पडताळणीत अशा ३३ कंपन्या सापडल्या, ज्यांचा सात वर्षांचा एकत्रित नफा उणे किंवा जवळपास शून्य होता आणि तरी त्यांनी सुमारे ५७६ कोटींचे रोखे दिले होते. त्यातल्या १६ कंपन्यांनी या काळात एकूण प्रत्यक्ष कर शून्य किंवा उणे भरला होता.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. तोट्यातली कंपनी आयकर भरत नाही यात बेकायदा काही नाही. जुना तोटा पुढच्या वर्षांत ओढून कर कमी करणंही कायदेशीर आहे. पण आपल्या भागधारकांना आणि सरकारला 'नफा नाही' सांगणारी कंपनी कोट्यवधींची देणगी देते, तेव्हा ती दुसऱ्याच कुणाचा पैसा तर पुढे करत नाही ना, ही शंका रास्त ठरते.

कर टाळणं आणि कर चुकवणं

कायद्यातल्या सवलती वापरून कर कमी करणं म्हणजे कर टाळणं. उत्पन्न लपवणं किंवा खोटा खर्च दाखवणं म्हणजे करचोरी. राजकीय देणगीत या दोन्हींना वाट आहे.

आधी कायदेशीर वाट. १९६१ च्या आयकर कायद्यात २००३ मध्ये ८०जीजीबी आणि ८०जीजीसी ही कलमं आली. पहिलं कंपन्यांसाठी, दुसरं व्यक्तींसाठी. पक्षाला दिलेली पूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, फक्त ती रोखीत दिलेली नसावी. समजा, ३० टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीने १ कोटी दिले. तिचा कर ३० लाखांनी कमी होतो. पक्षाने हिशेब, ऑडिट आणि अहवालाच्या अटी पाळल्या तर त्यालाही त्या पैशावर कर नाही. म्हणजे त्या कोटीतले ३० लाख एका अर्थाने सरकारी तिजोरीतून गेले, तुम्हाला तो पक्ष आवडो वा न आवडो.

एक बारकावा व्हायरल पोस्टमध्ये हमखास सुटतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांना २२ टक्के दराचा पर्याय दिला. तो घेतला की ही वजावट मिळत नाही. त्यामुळे त्या पर्यायातली कंपनी देणगी देते ती कर वाचवायला नव्हे. मग तिला काय हवं असतं? परवाना, कंत्राट, सोयीचा कायदा किंवा निदान त्रास नको एवढंच. माझ्या मते खरी चिंता इथे आहे. करसवलत मोजता येते, मेहेरबानी मोजता येत नाही.

जुनी भीती

ही चिंता मुंबईत १९५७ मध्येच बोलून दाखवली गेली होती. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात आडकाठी नसल्याने परवानगी दिली, पण हा प्रकार वाढला तर लोकशाहीचा गळा घोटला जाईल असा इशाराही निकालात लिहून ठेवला.

१९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. टेबलावरचा पैसा टेबलाखाली गेला, बाकी फार काही बदललं नाही. १९८५ मध्ये बंदी उठली, तीही मर्यादेसह. २०१३ च्या कंपनी कायद्यात ती मर्यादा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के होती. २०१७ मध्ये ती काढून टाकली, शिवाय कोणत्या पक्षाला पैसा दिला हे हिशेबात लिहिण्याची सक्तीही गेली. तोट्यातल्या कंपनीला दार उघडलं ते इथे.

नियम मागे जाऊन बदलल्याचंही उदाहरण आहे, आणि त्यात गोव्याचा धागा आहे. वेदांता समूहातल्या स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांनी दिलेल्या देणग्या परदेशी स्रोतातल्या ठरतात, त्या घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनीही कायदा मोडला, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. त्यानंतर 'परदेशी स्रोत' या शब्दांची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. २०१६ मध्ये ती २०१० पासून, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून २०१८ मध्ये थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन पक्ष या सुधारणेने एकदमच सुटले.

आता करचोरीची वाट

ही बहुधा तुमच्या फोनवरही आली असेल. 'रिफंड वाढवून देतो' म्हणणारा एजंट नाव न ऐकलेल्या एखाद्या छोट्या पक्षाला ऑनलाइन देणगी द्यायला सांगतो. कमिशन कापून बाकी पैसे रोखीत परत येतात आणि पूर्ण रकमेची वजावट रिटर्नमध्ये दाखवली जाते. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या अशा पक्षांवर आयकर विभागाने सप्टेंबर २०२२ मध्ये छापे टाकले. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटींसाठी १५० ठिकाणी झडती झाली, त्यात ८०जीजीसीचे दावेही होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं विभागाने सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने असे ३३४ पक्ष यादीतून काढले.

यात पकडला जातो तो करदाता. रिटर्नवर नाव आणि पॅन त्याचं असतं. व्याज आणि दंड त्यालाच भरावा लागतो, एजंटचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

आज स्थिती काय?

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोखे योजना रद्द केली. २०१७ चा बदलही घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचं नाव जाहीर करण्याची सक्ती परत आली. पैसा थांबलेला नाही. तो मोठ्या प्रमाणावर इलेक्टोरल ट्रस्टकडे वळला आहे. अनेक कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना वाटतो. ट्रस्टला कुणी किती दिले आणि ट्रस्टने कुणाला किती दिले हे कळतं, पण अमुक कंपनीचा रुपया अमुक पक्षाकडेच गेला का, हे बऱ्याचदा कळत नाही.

तरी तपासायचं असेल तर तीन कागद उघडा: कंपनीच्या वार्षिक अहवालातली राजकीय देणगीची नोंद, ट्रस्टचा वार्षिक अहवाल आणि पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेली २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी. शेवटचे दोन आयोगाच्या वेबसाइटवर मिळतात. तिन्ही शेजारी ठेवले की स्क्रीनशॉटपेक्षा बरंच जास्त दिसतं.