पोथ्यांचे जाळे

ग्रंथ टिकतात ते राजवाड्यांमुळे आणि ग्रंथालयांमुळे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तंजावरच्या सरस्वतीमहालासारखी उदाहरणे पाहिली की ती खरीही वाटते. परंतु मराठीचे कितीतरी जुने धन अशा कोठारांत राहिलेच नव्हते. ते गावोगावच्या मठांत, देवघरांत आणि फिरत्या साधूंच्या झोळीत विखुरलेले होते. त्याला मध्यवर्ती कचेरी नव्हती. असे धन शतकानुशतके टिकले कसे, हा आजचा आपला प्रश्न आहे आणि त्यासाठी आपल्याला जालना जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागणार नाही.

जिल्हा म्हणून जालन्याचे वय लहान. 1 मे 1981 रोजी तो औरंगाबादपासून वेगळा झाला. परंतु त्याच्या उत्तरेस भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे क्षेत्र आहे आणि दक्षिणेस घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. पहिल्या ठिकाणच्या नावातली जाळी म्हणजे चक्रधरस्वामींच्या कथेतली झाडाझुडपांची जाळी. आम्ही आज ज्या जाळ्याविषयी बोलणार आहोत ते निराळे. पण नावाचा हा योगायोग गोड आहे खरा.

महानुभावांपासून आरंभ करू. चक्रधरांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे मनावर घेतले. ज्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याच्याच तोंडून घ्यावयाचे, मग नागदेवाचार्यांपुढे, म्हणजे भटोबासांपुढे, ते तपासून लिहावयाचे, अशी त्यांची रीत. लीळाचरित्र सिद्ध झाले ते असे. पुढे देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. एका कोठारात एकच प्रत असती, तर कथा तेथेच संपली असती. परंतु या लीळा अनेकांना पाठ होत्या. आठवणींतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. मात्र एक नव्हे, अनेक. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी नावेच पडून गेली.

भटोबासांविषयीची एक आठवण स्मृतिस्थळात आली आहे. केशोबासांसारख्या पंडिताला संस्कृतात लिहावेसे वाटे. भटोबासांनी त्यास अडविले, कारण त्याने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील. या निर्णयाचे मोल आपण भाषाभिमानापुरते मोजतो. वस्तुतः त्याचा संबंध टिकण्याशीही आहे. ज्या ग्रंथावर साधी बाई बोलू शकते, शंका काढू शकते, त्याचे राखणदार हजारो होतात.

पुढे पंथाचे आम्नाय झाले; परंपरा तेरा आम्नाय मोजते. मठ पंजाबापर्यंत आणि काबुलाकडेही पसरले. कोणा एका महंताची सत्ता सर्वांवर नव्हती. तरीही पोथी एका मठातून दुसऱ्या मठात जाई, तेथे तिची नक्कल होई आणि मूळ पोथी आपल्या घरी परते. नक्कल करणे ही सेवाच होती. घेणारा हा देणाराही असावा लागे, ही यातली खरी मेख!

समर्थांनी तर या कामाची तांत्रिक बाजूच लिहून ठेवली आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अध्यात्माच्या ग्रंथात शाई, बोरू, कागद, वेष्टणे यांची चर्चा पाहून नवखा वाचक थबकतो. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच राहावे. अक्षर फार बारीक काढू नये, नाहीतर म्हातारपणी ते आपल्यालाच दिसणार नाही. कडेला कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी मजकुराला धक्का लागणार नाही. मठ स्थापावयाचा तर प्रत नीट हवी, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे शिष्य विखुरलेले होते: कल्याणस्वामी डोमगावी, वेणाबाई मिरजेस, भीमस्वामी थेट तंजावरास. निरोप पोचावयास आठवडे लागत. ग्रंथाने मात्र सर्वत्र एकच बोलले पाहिजे!

आता थोडे दूर पाहू. 1979 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी संगणकांना टेलिफोनने जोडून चर्चेचे मजकूर एकमेकांकडे पाठविण्याची योजना आखली. तिचे नाव यूजनेट. प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राला मजकूर देई आणि आपल्यापाशी प्रत ठेवी. मालक कोणी नव्हता. पुढे 2001 साली ब्रॅम कोहेन यांच्या बिटटॉरंटने मोठ्या फायलींबाबत तेच केले: घेणारा घेता घेताच देऊ लागतो. 2010 साली ड्यूक विद्यापीठाने आपले यूजनेटचे यंत्र बंद केले, 2024 च्या फेब्रुवारीत गूगलने आपल्या दारातून नव्या यूजनेट मजकुराची ये-जा थांबविली, तरी यूजनेट मेले नाही. कारण उगमस्थान बंद झाल्याने जाळे बंद होत नाही. जांबचा एखादा रामदासी हे ऐकून नवल मानणार नाही.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. त्याने पोथी सुरक्षित राहिली आणि समाजाला सुमारे पाचशे वर्षे पारखीही झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदी संशोधकांच्या परिश्रमांनी ती कुलुपे उघडली. दुसरा धोका याहून साधा होता. छापखाना आला आणि नक्कल करणारे हात थांबले. मग पोथी बासनात निजली. वाळवीला तर लिपी यावी लागत नाही! धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून हिंडून रामदासी बाडे जमविली नसती, तर त्यांतील कितीतरी आज दिसली नसती. 1935 साली धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले ते याच संग्रहासाठी. देवांच्या कष्टांपुढे आम्ही हात जोडतो. पण ज्या धनाला कोठार लागत नव्हते त्याला आता कोठार लागू लागले, हेही नोंदविले पाहिजे.

आणि पाठभेद? संशोधकाला ते डोकेदुखी वाटतात. आम्हांस मात्र लीळाचरित्रातील सर्वांत प्रामाणिक भाग तोच वाटतो. एखाद्या प्रसंगाविषयी दोघांची आठवण जुळली नाही, तर नक्कल करणाऱ्यांनी एकाची पुसली नाही. ‘वासना’, ‘शोधु’ अशा खुणा घालून दुसऱ्याचे म्हणणेही शेजारीच मांडले. डॉ. वि. भि. कोलते यांनी 1978 साली संपादिलेले लीळाचरित्र उघडले, तर त्या माणसांचे मतभेद आपल्यासमोर, त्यांच्याच बोलीत, अजून चाललेले ऐकू येतात.