टेप लायब्ररी नवी कार्ट्रिज कशी ओळखते?

टेप लायब्ररी म्हणजे बॅकअपच्या टेप सांभाळणारे स्वयंचलित कपाट. चाकणमधल्या एखाद्या वाहन कारखान्याची जुनी डिझाइन्स अशा कपाटात असतील, तर ती वेळेवर सापडणे एका छोट्या लेबलवर अवलंबून असते.

ते लेबल म्हणजे बारकोड. एलटीओ टेपवर तो सहसा ८ अक्षरांचा असतो: पहिली ६ टेपची ओळख, शेवटची २ तिचा प्रकार. 'एल९' म्हणजे एलटीओ-९, मूळ क्षमता १८ टेराबाइट.

टेप भरून दार बंद केले की रोबोटचा हात खणांपुढून फिरतो, बारकोड वाचतो आणि कोणत्या खणात कोणती टेप आहे याची यादी करतो. एक-दोनच टेप असतील तर त्या 'मेल स्लॉट'मधून देतात. मग सगळे कपाट पुन्हा तपासावे लागत नाही.

पण टेपवर काय साठवले आहे, हे या यादीत नसते. ती नोंद बॅकअप सॉफ्टवेअरकडे असते, म्हणून तिथेही इन्व्हेंटरी चालवावी लागते. लेबल नसेल तर प्रत्येक टेप ड्राइव्हमध्ये घालून वाचावी लागते. त्यात वेळ जातो.

एकच बारकोड दोन टेपवर मात्र कधीही लावू नका. चुकीच्या टेपवर लिहिले गेले, तर जुना डेटा कायमचा जाऊ शकतो.