एकसष्टाचं कोडं आणि पूर्णाकाठचं दहीगाव

1,76,63,19,049 या संख्येचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा आणि 61 ने भागा. येतो 22,61,53,980 चा नेमका वर्ग. 61 साठी याहून लहान जोडीच नाही. शेजारच्या 60 चं काम मात्र 31 आणि 4 वर भागतं, 62 चं 63 आणि 8 वर!

अशी जोडी शोधण्याचं हे कोडं फ्रेंच गणितज्ञ फर्मानं 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना घातलं. भास्कराचार्यांनी पाचशे वर्षं आधीच ते ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल रीतीनं सोडवलं होतं. 8 चा वर्ग 61 हून 3 नं जास्त, तिथून सुरुवात. पुढच्याच फेरीत 39 : त्याचा वर्ग 61 च्या पंचवीस पटीहून 4 नं कमी. मग ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’नं, म्हणजे दोन जोड्यांपासून नवी जोडी करण्याच्या रीतीनं, 29,718 येतो; त्याचा वर्ग 61 गुणिले एका पूर्ण वर्गाहून फक्त 1 नं कमी. त्याचीच त्याच्याशी भावना केली की आपली अब्जातली संख्या हजर.

हे पुस्तकांत मिळतं. मी थबकलो तो टीकाकाराच्या गावापाशी. ‘बीजगणिता’तलं उत्तर का येतं, याची उपपत्ती देणारी ‘बीजपल्लव’ ही टीका 1600 च्या सुमारास कृष्ण दैवज्ञांनी लिहिली. वडील बल्लाळ काशीला जाऊन राहिले. मूळ घराणं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा! काही जण पुराणांतली पयोष्णी तापीला लावतात. पुराणांपुरतं ते असेलही, पण इथे घराण्याची ओळखच विदर्भाची आहे, म्हणून मी पूर्णेवर ठाम आहे.

मग दधिग्राम कोणतं? अकोल्याकडचा माणूस चटकन दहीहांडा म्हणेल, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. नदीच्या दृष्टीनं दावा तगडा आहे. पण ‘ग्राम’चा ‘गाव’ होतो, ‘हांडा’ कधीच होत नाही. दहीगावं वऱ्हाडात एकाहून अधिक : अंजनगाव तालुक्यात दहीगाव रेचा, तेल्हाऱ्याकडे दहीगाव अवताडे. माझं मत दहीगावालाच, आणि नदीजवळचं म्हणून तेल्हाऱ्याकडच्या.

दधि आधी की दही? माझ्या मते दहीगावच आधीचं. संस्कृत लिहिणाऱ्यानं त्याचं दधिग्राम केलं. ते करताना त्याला गंमत नक्की जाणवली असणार. पयस् म्हणजे पाणी, तसंच दूधही. पयोष्णी म्हणजे ऊन दुधाची नदी. कोमट दुधालाच विरजण लागतं आणि काठावर दह्याचं गाव! इतकी जुळणी निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

कृष्ण दैवज्ञ जहांगीर बादशहाच्या दरबारी मान पावले. भाऊ रंगनाथांनी 1603 मध्ये सूर्यसिद्धान्तावर टीका लिहिली, पुतण्या मुनीश्वरही मोठा ज्योतिषी झाला. एका वऱ्हाडी घराण्यानं एवढं केलं, आणि अकोला-अमरावतीच्या शाळांत त्यांचं नाव कानावर पडत नाही, हे मला खुपतं.

गुरुजींनो, फळ्यावर 61 च्या जागी 67 लिहा. तेही भास्कराचार्यांचंच उदाहरण आहे, आणि उत्तर वहीत मावतं : 48,842 आणि 5,967. मुलांना ते शोधू द्या, मग दहीगावची गोष्ट सांगा.