अंधाराचा सांगावा

हुतात्मा बाबू गेनूंचे आमचे महाळुंगे पडवळ. त्यांच्यासारखेच माझे वडीलही मुंबईच्या गिरणीत गेले. रातपाळीने झोप मोडली. पुढे मधुमेह जडला. दिवसा पडून असत, म्हणून आम्ही त्यांना आळशी म्हणत असू.

१९५८ साली अमेरिकेत अ‍ॅरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलॅटोनिन वेगळे केले. अंधार पडला की हे द्रव्य रक्तातून रात्रीचा सांगावा नेते. लख्ख उजेडात तो अडतो. तो ऐकणारे पेशींचे कान म्हणजे एमटी-१ व एमटी-२ हे ग्राही. स्टीव्हन रेपर्ट व सहकाऱ्यांनी १९९४-९५ साली त्यांची मानवी जनुके हुडकली. २००९ साली एमटी-२च्या जनुकातील एका फरकाचा मधुमेहाशी संबंध आढळला.

वडिलांच्या दुखण्याचे कारण तेवढेच, असे मी म्हणत नाही. पण यंदा त्यांच्या तसबिरीपुढे पणती लावताना ‘आळशी’ हा शब्द मागे घेईन.